पाठ टेकायला जागा

‘आसरा’ हा मराठीतला रोजच्या वापरातला शब्द आहे. अवचित सर आली की माणूस दुकानाच्या फळीखाली आसरा घेतो. गावाहून शहरात शिकायला आलेला मुलगा मामाकडे आसऱ्याला राहतो. म्हातारपणी कोणाचाच आसरा उरला नाही, असे एखाद्याबद्दल हळहळून बोलले जाते. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, पण अर्थ सरकत गेलेला दिसतो: आधी छप्पर, मग घर, शेवटी माणूस. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. घर बांधतात, मांडव घालतात, निवारा उभारतात. आसरा मात्र कोणी बांधत नाही. तो देतात, घेतात, मागतात, शोधतात. म्हणजे या शब्दाला देणारा कोणीतरी लागतोच. असे का, याचे उत्तर शब्दाच्या मुळात आहे.

‘आसरा’ आला संस्कृत ‘आश्रय’वरून आणि ‘आश्रय’ आला ‘श्रि’ या धातूवरून. पाणिनीय धातुपाठात या धातूचा अर्थ ‘सेवा’ असा दिला आहे. सेवा म्हणजे इथे चाकरी नव्हे. जवळ जाणे, धरून राहणे. जुन्या वैदिक वापरात याहून साधा, अंगाशी निगडित अर्थ आढळतो: टेकणे, टेकवणे, रेलणे. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागला की ज्याच्याकडे जाऊन टेकायचे तो आश्रय. परसात कारल्याचा वेल लावला की हा मूळ अर्थ डोळ्यांनी पाहता येतो. सुरुवातीला वेल जमिनीवरच लोळतो. मग त्याचे तणावे हवेत चाचपडू लागतात. काठी लागली तर काठीला, कुंपणाची तार लागली तर तारेला दोन-तीन वेढे घालतात, आणि एकदा पकड बसली की सगळा वेल त्या जोरावर वर चढतो. संस्कृत कवींनी वेल आणि वृक्ष यांची जोडी आश्रयासाठी वापरून वापरून गुळगुळीत केली असली, तरी ‘श्रि’चा अर्थ समजायला तिच्याइतके सोपे उदाहरण नाही. ज्याला स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही किंवा त्या क्षणी उभे राहवत नाही, त्याने दुसऱ्यावर भार टाकणे, ही या शब्दातली मूळ हालचाल आहे. छप्पर, भिंती, सुरक्षितता हे अर्थ त्यावर मागाहून चढले.

या धातूचे गोत मोठे आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या भाषांचे मूळ कूळ एक, आणि त्या मूळ भाषेतला एक विशिष्ट ‘क’कार संस्कृतात ‘श’ झाला तर ग्रीक-लॅटिनमध्ये ‘क’च राहिला. संस्कृतातल्या ‘शतम्’ला लॅटिनमध्ये ‘केंटुम्’ म्हणतात ते याच नियमाने. ‘श्रि’ला हाच नियम लावला की ग्रीकमधले ‘क्लीनो’ हे क्रियापद समोर येते. अर्थ तोच: टेकणे, कलणे. त्यावरून ग्रीकमध्ये ‘क्लीने’ म्हणजे पाठ टेकायची जागा, खाट. आणि खाटेवरच्या रोग्याशी संबंधित ते क्लिनिक. म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरांच्या पाटीवरचा ‘क्लिनिक’ आणि त्याच गल्लीतला ‘आसरा’ हे लांबचे का होईना, पण सख्ख्या रक्ताचे नातेवाईक आहेत. टेकणे या अर्थाचे इंग्रजी ‘लीन’ आणि शिडीचे ‘लॅडर’ हेही याच कुळातले. शिडी ही भिंतीला टेकवायची वस्तू, हे ध्यानात घेतले की त्यात नवल वाटत नाही. कोकणात आणि गोव्यात शिडीला ‘निसण’ म्हणतात. तो शब्द संस्कृत ‘निश्रयणी’वरून आला, आणि त्याच्या पोटातही हाच ‘श्रि’ आहे. माडाला किंवा माळ्याला निसण लावणाऱ्याला त्याची कल्पना असण्याचे कारण नाही.

आता शब्दाच्या रूपाकडे वळायचे तर ‘आसरा’मध्ये एक गंमत आहे. त्यातला ‘र’ खरे म्हणजे टिकायला नको होता. संस्कृत शब्द प्राकृतातून गाळून मराठीत आले तेव्हा ‘श्र’मधला ‘र’ बहुतेक ठिकाणी गळून पडला. ‘अश्रू’चे ‘आसू’ झाले, ‘श्वश्रू’ची ‘सासू’ झाली, ‘विश्राम’चा ‘विसावा’ झाला. आषाढीच्या वारीत पालखीचा दिवसा विसावा आणि रात्री मुक्काम असतो. तिथे विसाव्याला टेकलेल्या वारकऱ्याच्या तोंडी ‘विश्राम’ हा शब्द येणारही नाही. वर आलेली ‘निसण’ही याच वाटेने ‘र’ टाकून आली. या हिशेबाने ‘आश्रय’चे प्राकृतात ‘आसय’सारखे रूप व्हायला हवे होते, आणि ते तसे झालेही. पण आजचा ‘आसरा’ त्या रूपापासून आलेला नाही. तो ‘आश्रय’ या संस्कृत शब्दावरून पुन्हा एकदा, उशिरा आणि बोलण्यातून उचललेला दिसतो. जोडाक्षर जिभेला जड गेले म्हणून ते फोडले, ‘श’चा ‘स’ केला, शेवटचा ‘य’ टाकला. ‘रत्न’चे ‘रतन’, ‘मंत्र’चे ‘मंतर’, ‘यत्न’चे ‘जतन’ झाले तशातलीच ही फोड. अशा शब्दांना व्याकरणकार अर्धतत्सम म्हणतात: ना धड संस्कृत, ना धड प्राकृत. हिंदीत हाच शब्द ‘आसरा’, गुजरातीत ‘आशरो’ आणि कोकणीत ‘आसरो’ आहे. हिंदीत त्याला आशेचाही रंग चढला आहे. ‘आसरा देखना’ म्हणजे कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून बसणे. मराठीने तो रंग घेतला नाही.

मराठीत ‘आश्रय’ आणि ‘आसरा’ दोन्ही राहिले, पण त्यांनी कामे वाटून घेतली. राजाश्रय, लोकाश्रय, आश्रयदाता, आश्रित ही सगळी दरबारी, छापील मंडळी. गायकाला संस्थानिकाचा आश्रय असतो. त्याच गायकाला रात्री पावसात अडकल्यावर कोणाच्या तरी पडवीत आसरा मिळतो. उलट करून पाहिले तर वाक्य कानाला खटकते.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. अनाथाश्रम, वृद्धाश्रम या संस्था आसरा देतात, म्हणून ‘आश्रम’ हाही ‘आश्रय’चाच भाऊ असावा असे अनेकांना वाटते. तो भाऊ नाही, नातेवाईकही नाही. ‘आश्रम’मध्ये धातू आहे ‘श्रम्’, म्हणजे कष्टणे, झिजणे. तपाचे कष्ट जिथे करायचे तो ऋषींचा आश्रम; आयुष्याच्या ज्या टप्प्यावर ठरलेले कष्ट उपसायचे तोही आश्रम, म्हणून ब्रह्मचर्याश्रम, गृहस्थाश्रम. विश्रांतीसाठी बांधलेल्या वृद्धाश्रमाच्या नावात ‘श्रम’ असावेत हा भाषेचा खोडसाळपणा म्हणायचा.

मराठीत दुसरी एक आसरा आहे, आणि तिला माणसे भितात. नदीचा डोह, जुनी विहीर, तळ्याचा काठ, बारवेच्या भिंतीतला कोनाडा अशा ठिकाणी एका ओळीत मांडलेले सात गुळगुळीत दगड दिसतात. त्यांना शेंदूर माखलेला असतो; पुढे हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, हळदकुंकू, एखादे लिंबू. मूर्ती नसते, नाकडोळे नसतात. या साती आसरा, पाण्याच्या देवता. कोकणात आणि मावळात त्यांच्यासारख्याच देवतांना मावल्या किंवा मावळाया, म्हणजे आया, म्हणतात. पुष्कळ ठिकाणी त्यांच्यासोबत एक भाऊ किंवा राखणदार मानला जातो. कुठे तो म्हसोबा असतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मावळातल्या अशा मातृदेवतांचा माग काढला आणि १९६२ साली निघालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात त्यांच्याबद्दल लिहिले. ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांचा धार्मिक अर्थ उलगडणाऱ्या ‘वॉटर अँड वुमनहूड’ या १९९५ सालच्या पुस्तकात साती आसरांची दखल घेतली आहे.

ही आसरा ‘आश्रय’वरून आलेली नाही. ती आली ‘अप्सरा’वरून. ‘अप्’ म्हणजे पाणी आणि ‘सृ’ म्हणजे सरकणे, वाहणे. पाण्यात संचार करणारी ती अप्सरा, अशी व्युत्पत्ती यास्काच्या निरुक्तापासून चालत आली आहे. प्राकृतात ‘प्स’चा ‘च्छ’ होतो, म्हणून ‘अप्सरा’ची ‘अच्छरा’ झाली. पुढे मराठीने आपली नेहमीची खोड केली. प्राकृतातला ‘च्छ’ मराठीत ‘स’ होऊन येतो आणि आधीचा स्वर लांबतो: ‘मत्स्य’चा ‘मच्छ’ आणि त्याचा ‘मासा’, ‘कच्छप’चे ‘कासव’, ‘वत्स’वरून ‘वच्छ’ आणि त्यापासून ‘वासरू’. त्याच साच्यात ‘अच्छरा’ची ‘आसरा’. मासा, कासव आणि आसरा हे तिन्ही पाण्यातले रहिवासी मराठीत एकाच नियमाने यावेत, हा योगायोग असला तरी शोभून दिसणारा आहे.

म्हणजे छपराखालचा आसरा आणि विहिरीतली आसरा ही जुळी दिसणारी पण दोन घरची लेकरे. पाण्यातली आसरा अस्सल तद्भव, प्राकृताच्या वाटेने पायी चालत आलेली. छपराचा आसरा अर्धतत्सम, मधल्याच थांब्यावर चढलेला. व्याकरणही दोघांना वेगळे ठेवते. ‘तो आसरा’ पुल्लिंगी, त्याचे सामान्यरूप ‘आसऱ्या’: आसऱ्याला, आसऱ्याखाली. ‘ती आसरा’ स्त्रीलिंगी आणि बहुधा अनेकवचनी: आसरांना, आसरांची. त्यामुळे ‘आसऱ्याला गेला’ आणि ‘आसरांना गेला’ यांत मराठी माणसाचा गोंधळ होत नाही. पहिला पाहुणा म्हणून गेला, दुसरा ओटी घेऊन.

इंद्राच्या दरबारात नाचणारी, तपस्व्यांचा तपोभंग करणारी अप्सरा आणि ही शेंदूर फासलेली आसरा यांच्यात इतके अंतर का, असा प्रश्न पडतो. अंतर वाटते ते पुराणांतली अप्सरा ओळखीची असते म्हणून. अथर्ववेदातल्या अप्सरा वेगळ्या आहेत. त्या पाण्यात आणि झाडांवर वसतात, माणसाची मती फिरवतात, आणि त्यांना घालवून देण्यासाठी, नदीकडे परत पाठवण्यासाठी मंत्र आहेत. गावातली आसरा या जुन्या अप्सरेच्या जवळची आहे. बाळंतिणीला, लहान लेकराला, भर दुपारी एकटीने पाण्यावर गेलेल्या बाईला आसरांची बाधा होते, अशी समजूत खेड्यापाड्यांत होती आणि अजूनही पुरती गेलेली नाही. खोल पाण्याच्या काठावर भीतीची पाटी लावायची हीही एक रीत म्हणता येईल. पण त्याच आसरांना नवस बोलतात, त्यांची ओटी भरतात आणि लेकरू सांभाळ म्हणून साकडे घालतात. जिची भीती तिच्याकडेच राखण मागायची, या व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांच्या अगदी जवळ येऊन उभे राहतात. तरी त्यावरून व्युत्पत्ती एक करण्याचा मोह आवरावा.

छपराच्या आसऱ्याला मराठीत शेजारी बरेच आहेत, आणि प्रत्येकाची नजर वेगळी आहे. ‘निवारा’ हा ‘नि’ आणि ‘वृ’ यांपासून झालेला शब्द. ‘निवारण’ त्याच घरचे. ऊन, वारा, पाऊस, थंडी यांना वारून धरतो तो निवारा. त्याला देणाऱ्याशी कर्तव्य नाही. जे बाहेरून येते ते अडले की झाले. कोकणात भातलावणीच्या दिवसांत बायका पाठीवर इरले घेऊन शेतात वाकलेल्या असत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली झाडाची रुंद पाने, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पोचणारी ती ढाल. दोन्ही हात रोपांसाठी मोकळे आणि पाऊस पाठीवरून घरंगळून जाणारा. इरले हा पाठीवर वागवायचा निवारा. त्याला कोणी आसरा म्हणणार नाही. आता त्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. एसटीच्या थांब्यावरही ‘प्रवासी निवारा’ असेच लिहिलेले असते. तीन भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा, आत एक कट्टा, आणि ज्यांच्या निधीतून तो बांधला त्यांचे नाव ‘निवारा’ या शब्दापेक्षा मोठ्या अक्षरांत.

‘आडोसा’ निघाला ‘आड’पासून. तिथे ओले न होण्यापेक्षा न दिसण्याला महत्त्व. झाडाचा, भिंतीचा, पदराचा आडोसा असतो. ‘वळचण’ म्हणजे उतरत्या छपराची भिंतीबाहेर आलेली कड आणि तिच्याखालची हातभर जागा. तिथे उभ्या राहिलेल्याला घरात बोलावलेले नसते आणि हाकललेलेही नसते. अंगावर पागोळ्यांचे तुषार उडत असतात. वर्तमानपत्रांनी या शब्दाचा नेमका उपयोग केला आहे. पक्ष बदलून सत्ताधाऱ्यांकडे गेलेला पुढारी ‘सत्तेच्या वळचणीला’ गेला असे छापून येते, ‘आसऱ्याला’ गेला असे येत नाही. आसऱ्यात थोडी अब्रू आहे, वळचणीत ती नाही. आणि आसरा घेणाऱ्याने पाय पसरले की काय होते, यासाठी ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आहेच. म्हणीतला टोमणा एका जातीवर असला तरी अनुभव यजमानमात्रांचा आहे.

‘शरण’ची कहाणी उतरंडीची आहे. संस्कृतात शरण म्हणजे घर आणि रक्षण करणारा. अमरकोशात हे दोन्ही अर्थ दिले आहेत. मराठीत मात्र ‘शरण येणे’ म्हणजे हार मानून हत्यार टाकणे. फरार आरोपी पोलिसांना शरण येतो, तेव्हा त्याला घर मिळत नाही, कोठडी मिळते. जुना अर्थ धर्माच्या भाषेत तेवढा टिकला. लिंगायत परंपरेत शरण म्हणजे शिवभक्त. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बुद्ध, धम्म आणि संघ यांचे त्रिशरण घेतले. तिथे शरण जाण्यात पराभवाचा लवलेश नव्हता. फारसीतली ‘पनाह’ मराठीत रुळली नाही, पण नाटकांतून आणि चित्रपटांतून ‘जहाँपनाह’ सगळ्यांच्या कानावर आहे. त्याचा शब्दशः अर्थ जगाचा आसरा. बादशहाला हाक मारताना त्याच्या पराक्रमाचे नाव न घेता त्याच्या आसऱ्याचे घ्यायचे, यात दरबारी शहाणपण होते.

राज्यकारभाराच्या शास्त्रात तर ‘श्रि’ला स्वतंत्र आसन मिळाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या सातव्या अधिकरणात परराष्ट्र धोरणाचे सहा मार्ग सांगितले आहेत: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. यातला संश्रय म्हणजे दुर्बल राजाने बलवानाच्या आसऱ्याला जाणे. कौटिल्याने त्याची व्याख्या स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करणे अशी, एकही गोड शब्द न वापरता केली आहे. ज्याच्याकडे जायचे तो शत्रूपेक्षा वरचढ हवा, हेही तो बजावतो. नाहीतर जाऊन उपयोग काय?

मराठ्यांच्या इतिहासात संश्रयाची दोन ठळक उदाहरणे एकाच घरातली आहेत. पेशवेपद हातचे गेलेल्या रघुनाथरावाने इंग्रजांचा आसरा धरला आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. फौजेच्या मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे त्याने कबूल केले. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांकडून मार खाऊन कोकणात उतरला आणि समुद्रमार्गे वसईला पोचला. तिथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. इंग्रजांच्या किमान सहा पलटणी कायमच्या पदरी बाळगायच्या, त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी लढाई किंवा तह करायचा नाही. १८०३ च्या मे महिन्यात तो पुन्हा पुण्यात गादीवर बसला. त्याला आसरा मिळाला होता. ज्यासाठी तो घेतला ते राज्य पंधरा वर्षांत बुडाले. वेल काठीवर चढतो तेव्हा काठी कुठे रोवायची हे वेल ठरवत नाही.

आधुनिक काळात हक्काची भाषा आली तेव्हा मराठीने तिच्यासाठी ‘निवारा’ उचलला. ‘अन्न, वस्त्र, निवारा’ ही त्रयी शाळेच्या पुस्तकापासून जाहीरनाम्यापर्यंत सगळीकडे आहे. मुंबईतल्या झोपडीवासीयांच्या चळवळीने संघटनेचे नावच ‘निवारा हक्क सुरक्षा समिती’ असे ठेवले. मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असे म्हटले. पुढे १९९० च्या शांतिस्टार बिल्डर्स खटल्यात न्यायालयाने प्राण्याचा निवारा आणि माणसाचा निवारा यांत फरक केला: प्राण्याला अंग झाकले की पुरते, माणसाला शरीराने, मनाने आणि बुद्धीने वाढता येईल अशी जागा लागते. १९९६ च्या चमेली सिंह खटल्यात निवाऱ्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमाखाली स्पष्टपणे मान्य झाला. ‘आसऱ्याचा हक्क’ असे कोणी म्हटले नाही, आणि ते बरोबरच झाले. जे मागून मिळते, देणाऱ्याच्या मर्जीवर असते, त्याला हक्क म्हणता येत नाही. उलट नवी मुंबईतून १९९८ पासून चालणाऱ्या आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचे नाव ‘आसरा’ आहे. तिथे छप्पर नाही, जागा नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला एक आवाज असतो. हे नाव ठेवणाऱ्याने शब्दाचे मूळ बरोबर ओळखले, जाणून असो वा नसो.

देशोधडीला लागलेल्या माणसासाठी हिंदीने ‘शरणार्थी’ हा शब्द घेतला. तो काय मागायला आला आहे ते त्या शब्दात आहे. मराठीने ‘निर्वासित’ घेतला. त्यात ‘वस्’, म्हणजे राहणे, आणि ‘निर्’, म्हणजे बाहेर: ज्याला राहत्या जागेतून घालवले तो. मराठी शब्द मागण्याबद्दल बोलत नाही, गमावण्याबद्दल बोलतो. महाराष्ट्राने दुसऱ्या महायुद्धात असे लोक जवळून पाहिले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बायका आणि मुले जास्त. सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून सुटून ती इराणमार्गे इथवर आली होती. ती गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांची सर्वांत मोठी वस्ती कल्याणजवळच्या लष्करी छावणीत पडली. महायुद्धासाठी बांधलेल्या आणि मग ओस पडलेल्या त्या बराकींत लाखाच्या आसपास माणसे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज तिथे महानगरपालिका आहे, बाजारपेठ आहे, बराकींच्या जागी इमारती उभ्या आहेत. पत्ता विचारला तर मात्र उत्तर अजूनही छावणीच्याच भाषेत येते: कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच.